'आमच्या मुलांची इम्युनिटी स्ट्राँग आहे' म्हणणाऱ्या पालकांना खुले पत्र

प्रति,
पालकगट,
घोडबंदर रोडवरचं आपलं गृहसंकुल, ठाणे (पश्चिम)

पालकहो, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात शाळेकडून जंतांच्या गोळीचं संमतिपत्र आलं. १० ऑगस्ट हा राष्ट्रीय जंतनाशक दिन. १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची एक गोळी द्यायची, पालकांनी 'हो' नाहीतर 'नाही'वर खूण करून सही करायची, एवढाच तो कागद. त्यावर आपल्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा रंगली. नातवाला शाळेच्या बसमधून उतरवून घेणारी मी, म्हणून सूनबाईनं मलाही ग्रुपमध्ये घातलंय, त्यामुळे मी ती पहिल्या मेसेजपासून शेवटपर्यंत वाचली. 'आमच्या मुलांची इम्युनिटी स्ट्राँग आहे.' 'ह्या गोळ्या महापालिकेच्या शाळांसाठी असतात.' 'असल्या औषधांनी उलट इम्युनिटी बिघडते.' आणि शेवटी कुणीतरी पाठवलेला तो लेख, की पोटात थोडे जंत असलेले बरे, ॲलर्जी होत नाही. आजपर्यंत बावीस घरांनी 'नाही'वर खूण केली आहे.

मी डॉक्टर नाही. १९८३ ते २०१७ अशी चौतीस वर्षं ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. स्पष्टच सांगायचं तर चौतीस वर्षं लोकांची शी तपासली. सुरुवातीला आया काडेपेटीत नमुना घेऊन यायच्या, मग फिल्मरोलच्या डब्या आल्या, मग झाकणाचे प्लास्टिकचे कप. आतला ऐवज तोच. काचपट्टीवर एका बाजूला सलाईनचा थेंब, दुसऱ्या बाजूला आयोडिनचा, काडीच्या टोकानं कणभर नमुना कालवायचा, वर कव्हरस्लिप. गोल जंताचं अंडं सोनेरी-तपकिरी, तुतीच्या फळासारखं खडबडीत. चाबूककृमीचं अंडं हुबेहूब पखवाज, दोन्ही तोंडांना बूच मारलेला. अंकुशकृमीचं कवच पातळ, आत चार-आठ पेशींचा पुंजका. वागळे इस्टेटच्या चाळीतून आलेल्या नमुन्यातली अंडी आणि नौपाड्याच्या बंगल्यातून आलेल्या नमुन्यातली अंडी शेजारी शेजारी ठेवली तर कुठली कुणाची ते मला आजही सांगता येणार नाही. बंगल्यातून ती कमी वेळा यायची, हे खरं. पण यायची.

आता तुमच्या इम्युनिटीकडे येते. कोरोनानंतर हा शब्द आपण काढ्यासारखा सकाळ-संध्याकाळ पितोय. मनातलं चित्र असं, की शरीरात एक फौज आहे, ती तगडी असली की आत शिरेल त्याला गिळून टाकते. जिवाणूंच्या बाबतीत ते थोडंफार खरंही आहे, पांढऱ्या पेशी जिवाणूंना खरोखरच गिळतात. पण गोल जंताची मादी वीस ते पस्तीस सेंटीमीटर लांब असते. पांढरी पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. तीस सेंटीमीटरचा, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीएवढा जंत त्या पेशीच्या पंचवीस-तीस हजार पट लांब झाला. मुंगळ्यानं बारा डब्यांची लोकल गिळायची, तसा हिशेब आहे.

त्यामुळे शरीर जंताला गिळायच्या फंदात पडत नाही. ते त्याला घराबाहेर काढायला बघतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे जी व्यवस्था आहे ती मला ह्या विषयातली सगळ्यांत देखणी गोष्ट वाटते. निवृत्त झाल्यावर वाचनात आली, तेव्हा चौतीस वर्षं आपण फक्त अर्धीच बाजू बघत होतो असं वाटलं.

आतड्याच्या अस्तरात अगदी तुरळक अशा काही पेशी असतात. त्यांच्या डोक्यावर केसांचा झुपका असतो म्हणून त्यांना टफ्ट पेशी म्हणतात, तुरेवाल्या म्हणा. १९५६ साली प्राण्यांच्या अवयवांत त्या पहिल्यांदा नीट दिसल्या, पण त्या करतात काय, हे पुढची साठ वर्षं कुणाला धड सांगता येईना. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्को, हार्वर्ड आणि फ्रान्समधलं माँपेलिए इथल्या तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी उंदरांवर दाखवलं, की ह्याच पेशी जंत आल्याची वर्दी देतात. गंमत अशी, की आपल्या जिभेवरच्या चवीच्या पेशींत जी यंत्रणा असते तिचेच भाग ह्यांच्यातही आहेत. म्हणजे आतडं अक्षरशः जंताची चव घेतं.

चव लागली की तुरेवाली पेशी आयएल-२५ नावाचा रासायनिक निरोप सोडते. तो अस्तराखाली बसलेल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना मिळतो, त्या आयएल-१३ सोडतात. हा दुसरा निरोप जातो अस्तराच्या खाचांमधल्या मूळ पेशींकडे, जिथे नव्या पेशी तयार होतात. निरोप साधा असतो: आता नेहमीचा माल थांबवा, तुरेवाल्या वाढवा आणि शेंबूड करणाऱ्या वाढवा. (शास्त्रीय मराठीत श्लेष्मा म्हणतात, पण तो शेंबूडच.) तुरेवाल्या वाढल्या की निरोप वाढतो, निरोप वाढला की तुरेवाल्या वाढतात. काही दिवसांत आतड्याच्या भिंतीचा नूरच पालटतो. शेंबडाचा जाड थर साचतो, भिंतीतून पाणी पाझरायला लागतं, आतड्याचे स्नायू जोरानं आवळायला लागतात, आणि जंताला धरायला जागा राहत नाही. ह्या विषयातले लोक थट्टेनं म्हणतात, आधी रडायचं आणि मग झाडायचं.

आणखी एक गोष्ट, ठाणे स्टेशनवर रोज चढ-उतार करणाऱ्यांना पटकन कळेल अशी. आतड्याचं अस्तर एरवीही चार-पाच दिवसांत नवं होतं. पेशी खाचेतून वर सरकत सरकत टोकाला जातात आणि गळून पडतात. मँचेस्टरच्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं, की उंदराच्या आतड्यात चाबूककृमी आला की हा सरकता जिना वेग घेतो. चाबूककृमी आपलं पुढचं टोक अस्तराच्या पेशींत खुपसून बसतो. तो बसलेली पायरीच वर सरकते आणि त्याला घेऊन बाहेर पडते.

एवढी व्यवस्था असताना गोळी कशाला, हे तुम्ही विचाराल. त्याच उंदरांच्या प्रयोगांत त्याचं उत्तर आहे, आणि मला वाटतं सगळ्या चर्चेत हेच एक कुणाला ठाऊक नव्हतं. उंदराला चाबूककृमीची शेकडो अंडी एकदम दिली तर तो त्यांना बाहेर काढतो. तीच अंडी अगदी थोडी दिली, तर शरीर भलत्याच प्रकारचा प्रतिसाद देतं, विषाणूंसाठी राखलेला असतो तसा, आणि जंत ठाण मांडून बसतो. 'थोडी माती पोटात गेली की प्रतिकारशक्ती तयार होते' हे आपलं जे वाक्य आहे, ते इथे साफ उलटं पडतं. मुलांच्या पोटात अंडी शेकड्यांनी एकदम जात नाहीत. नखातून एक, न धुतलेल्या कोथिंबिरीतून दोन, अशी जातात.

शिवाय जंतही गप्प बसत नाही. तो शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवणारी द्रव्यं सोडतो. उंदरांच्या एका जंताकडे असं प्रथिन सापडलं आहे, की जे आपल्या शरीरातल्या शांत करणाऱ्या एका निरोपाची हुबेहूब नक्कल करतं. २०१७ साली त्याचा शोध लागला. कमाल म्हणजे त्या प्रथिनाची घडण आपल्या मूळ निरोपासारखी मुळीच नाही. किल्ली वेगळ्याच साच्यातली, कुलूप मात्र तेच उघडतं. अशा युक्त्यांमुळे गोल जंत माणसात वर्ष-दोन वर्षं राहतो, अंकुशकृमी त्याहून अधिक. पागडीच्या भाडेकरूसारखा: घरमालक तगडा आहे का दुबळा, ह्यानं फारसा फरक पडत नाही. आणि एकदा जंत होऊन गेले म्हणून पुन्हा होणार नाहीत, असं गोवराच्या बाबतीत असतं, तसं इथे नाही. गोळी देऊन मोकळ्या केलेल्या मुलांत, आसपासची घाण तशीच असली, तर वर्षभरात गोल जंतांचं प्रमाण जवळजवळ पूर्वीइतकं होतं. म्हणून वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये.

ही झोपवाझोपवी फक्त जंताच्या फायद्यापुरती राहत नाही. इक्वेडोरमध्ये गोल जंत असलेल्या मुलांना कॉलऱ्याची तोंडावाटे द्यायची लस देऊन पाहिली होती. आधी अल्बेंडाझोल देऊन जंत काढलेल्यांच्या शरीरानं लसीला अधिक चांगला प्रतिसाद दिला. तेव्हा 'गोळीनं इम्युनिटी बिघडते' ह्या वाक्यातली गोळी काढून जंत घातला, तर ते वाक्य बरंच खरं होईल. गोळी मुळात इम्युनिटीच्या वाटेलाच जात नाही. जंताच्या पेशींत नळ्यांची एक चौकट असते, तिच्या प्रथिनाला ती चिकटते. जंताला साखर शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो.

आता तो लेख. त्यात सगळंच खोटं नाही, आणि म्हणूनच तो जास्त घातक आहे. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन ह्या ब्रिटिश संशोधकानं दाखवलं, की ज्यांना मोठी भावंडं जास्त त्यांना गवताच्या परागांची ॲलर्जी कमी. लहानपणीचे संसर्ग कुठेतरी शरीराला वळण लावतात, असा त्यानं कयास केला. पुढे 'जुने मित्र' ही कल्पना आली, की माणूस आणि जंत इतकी हजारो वर्षं एकत्र राहिले आहेत की शरीर त्यांना धरूनच चालतं. ॲलर्जीत ज्याच्यामुळे शिंका येतात ते आयजीई नावाचं प्रतिपिंड मुळात जंतांसाठीच असावं, असं बऱ्याच जणांना वाटतं. गॅबनमधल्या शाळकरी मुलांचे जंत वारंवार औषध देऊन काढले, तेव्हा त्यांच्यात धुळीतल्या माइट्स नावाच्या सूक्ष्म किड्यांची त्वचेवरची ॲलर्जी वाढलेली दिसली. हे सगळं खरं आहे. मग काही शास्त्रज्ञांनी डुकरांच्या चाबूककृमीची अंडी, एका वेळी अडीच हजार, आतड्याच्या दाहाच्या रुग्णांना प्यायला दिली. लहान चाचण्यांत गुण आला. मोठ्या चाचण्या झाल्या आणि २०१३ साली तो फुगा फुटला. लेखात गॅबन होतं, २०१३ नव्हतं. आणि त्या रुग्णांनासुद्धा मोजून-मापून, माणसात फार काळ न टिकणारा जंत दिला होता. जॉगिंग ट्रॅकच्या कडेच्या मातीतून येईल तो नव्हे.

मीही उगाच गोळीची जाहिरात करत नाही. सरसकट गोळ्या वाटल्यानं मुलांचं वजन, रक्त, अभ्यास किती सुधारतो ह्यावर शास्त्रज्ञांत मोठं भांडण आहे. केनियात मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यानं २००४ साली लिहिलं, की शाळेतली गैरहजेरी कमी होते (ह्या क्रेमरना २०१९ साली आपल्या अभिजित बॅनर्जींबरोबर नोबेल मिळालं). पुढे त्या आकडेमोडीची फेरतपासणी झाली, वाद झाला, आणि अनेक चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्यांना सरासरी फायदा फारसा दिसला नाही. मला त्यातलं आकडेशास्त्र कळत नाही, पण लॅबमध्ये बसून एक कळत होतं: सरासरी ही फसवी गोष्ट आहे, कारण जंत सरासरीनं राहत नाहीत. दहा मुलांत सातांकडे एकही नाही, दोघांकडे दोन-चार, आणि एकाकडे तीस. तो एक कोण, हे चेहऱ्यावरून कळत नाही. गालावरचे पांढरे डाग, झोपेत दात खाणं, ही आपल्या आज्यांची लक्षणं. त्यांचा जंतांशी पक्का संबंध नाही. गोड खाल्ल्यानंही जंत होत नाहीत. अंडं पोटात गेल्याशिवाय, किंवा अंकुशकृमीच्या बाबतीत अनवाणी पायातून अळी शिरल्याशिवाय, साखरेचं पोतं खाल्लं तरी होणार नाहीत. वावडिंगाबद्दल एका आजीनं विचारलंय. माझ्या सासूबाईंनी माझ्या मुलाला ते दिलं होतं, मी काही बोलले नव्हते. पण गोळीऐवजी म्हणून ते धरू नका.

'आम्ही मागच्या महिन्यात तपासणी केली, रिपोर्ट नील आहे' असंही एकीनं लिहिलंय. तिच्यासाठी एक आठवण. नव्वदच्या दशकात पावसाळ्यात एक सात-आठ वर्षांचा मुलगा आला होता, तीन आठवड्यांचा कोरडा खोकला, छातीत सूं-सूं. सीबीसीची, म्हणजे रक्ताची, स्लाइड मी लिशमन स्टेननं रंगवून पाहिली आणि पाहतच राहिले. इओसिनोफिल नावाच्या पेशी, ज्या शंभरात चार-पाच असायच्या, त्या एकतीस. नारिंगी दाण्यांनी भरलेल्या, जणू डाळिंब फोडून ठेवलंय. विष्ठेत काही नाही. डॉक्टर जुने होते. म्हणाले, थांबा, दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा नमुना मागवू. तेव्हा अंडीच अंडी. गोल जंताची अळी आतड्यात फुटली की भिंत भेदून रक्तातून यकृतात, तिथून फुप्फुसात जाते, दहा-पंधरा दिवस तिथे वाढते, श्वासनलिकेतून घशाशी येते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात उतरते. ह्या प्रवासात इओसिनोफिल तिच्या मागे लागतात, आपल्या दाण्यांतलं विष तिच्या अंगावर ओततात. ती लढाई म्हणजे तो खोकला. मादी अंडी घालायला लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात, आणि तोवर रिपोर्ट नीलच येतो. (इओसिनोफिल वाढलेले दिसले की जंतच, असं मात्र समजू नका, ॲलर्जीतही वाढतात, आणखीही कारणं आहेत. ते डॉक्टरांचं काम.)

आणि मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. एकच मादी.

'महापालिकेच्या शाळांसाठी' हे वाक्य वाचून मला जरा राग आला, ते इथे लिहून टाकते. आपल्या गेटवरच्या वॉचमनच्या मुलीला फेब्रुवारीत अंगणवाडीत गोळी मिळाली. तुमच्या मुलांना मिळाली नाही. संध्याकाळी सगळी त्याच वाळूच्या खड्ड्यात खेळतात. त्या खड्ड्यावर रात्री झाकण नसतं. घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी बेसमेंटमध्ये स्वच्छतागृह आहे, त्याला कुलूप असतं आणि किल्ली सुपरवायझरकडे. शेजारच्या अर्धवट टॉवरवरच्या मजुरांचं काय, ते तर कुणी विचारतच नाही. गेल्या उन्हाळ्यात आपल्या एसटीपीतला, म्हणजे संकुलाच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतला, वाळवलेला गाळ खत म्हणून बागेत टाकला, मी तेव्हाही समितीला सांगितलं होतं. जंतांची अंडी जड असतात, सांडपाण्यात ती तळाला बसतात, म्हणजे नेमकी गाळात. मातीत ती कित्येक वर्षं जगू शकतात. गाळाचं खत ढिगात ५५ अंशांच्या वर चांगलं काही दिवस तापलं तर मरतात. नुसतं गच्चीवर पसरून नाही. रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक आपण बाजारातून आणतो, तो धुवा हे वेगळं सांगायला नको, पण स्वतःच्या बागेत तोच उद्योग आपण पैसे देऊन करतोय.

टॉवरमधल्या मुलांत जंत कमी असतील, हे मला मान्य आहे. पण प्रत्येकाची दोन-तीनदा तपासणी करण्यापेक्षा एक गोळी चावून खाणं सोपं आणि स्वस्त. दोन वर्षांवरच्यांना ४०० मिलिग्रॅमची अख्खी, एक ते दोन वयाला अर्धी. पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर थोडं पोट दुखतं, मळमळतं. तो जंत मरत असल्याचा परिणाम. ताप किंवा दुसरं आजारपण असेल तर त्या दिवशी देऊ नका, राहिलेल्या मुलांसाठी नंतर पुन्हा फेरी असते. फिट येणारी मुलं, किंवा काही औषधं चालू असलेली, त्यांच्या पालकांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. एक गोळी चाबूककृमीवर फारशी चालत नाही, हेही सांगून ठेवते, म्हणजे उद्या मला कुणी दोष द्यायला नको.

संमतिपत्र सोमवारपर्यंत द्यायचं आहे. खूण बदलायची असेल तर कोरा फॉर्म माझ्याकडे आहे, मी शाळेतून पंचवीस प्रती आणून ठेवल्यात. निवृत्तीच्या दिवशी लॅबनं जुना सूक्ष्मदर्शक मला भेट दिला होता, त्याचा आरसा जरा डागाळलाय पण चालतो. रविवारी सकाळी दहा ते बारा मी क्लब हाऊसमध्ये तो मांडून बसणार आहे, गोल जंत आणि चाबूककृमीच्या अंड्यांच्या पक्क्या केलेल्या स्लाइड्स आहेत, मुलांनाही आणा. नाश्ता करून या. नंतर आलात तर भूक राहणार नाही.

आपली,
सी विंगमधली आजी